बत्तीस नंबरचे उत्तर

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. पण माझ्याकडे पुस्तक मागायला येऊ नका, हात हलवत परत जाल. माझ्यात कपाटे नाहीत आणि 'शांतता राखा' अशी पाटीही नाही. प्रोग्राम लिहिणारे लोक पुन्हा पुन्हा लागणारी कामे एकदाच नीट लिहून ठेवतात आणि त्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. मी तसलेच एक गाठोडे. मोठ्या संस्थेतल्या माणसांची नावे, फोन नंबर आणि बसायच्या जागा एका डिरेक्टरीत ठेवलेल्या असतात. प्रोग्रामने सांगितले की त्या डिरेक्टरीकडे जायचे, विचारायचे आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे आणून द्यायचे, एवढेच माझे काम.

मला कोणा एकाने घडवले नाही. एका खोलीत चार-पाच जण बसत आणि घरात नवे मूल आल्यावर नावावरून भांडतात तसे माझ्या एकेका कामाच्या नावावरून भांडत. पण रीतभात मात्र त्यांनी मला चांगली लावली. दारात गेल्यावर आधी आपली ओळख द्यायची. मग प्रश्न विचारायचा. उत्तर पूर्ण घ्यायचे. आणि काम झाले की निरोप घेऊन निघायचे. निरोप न घेता उठून गेले तर डिरेक्टरी बिचारी दार उघडे ठेवून ताटकळत बसते. किती प्रोग्रामवाल्यांना हे सांगून झाले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

माझी उमेदीची वर्षे एका मोठ्या रुग्णालयात गेली. तिथे मला आणणाऱ्या गृहस्थांना सगळे 'शंकासुर' म्हणत. ते त्या रुग्णालयाचे प्रोग्रामर. वायर लावलेली दिसत असली तरी ते ती ओढून बघत. बंद केलेले कुलूप पुन्हा बंद करत. लिफ्टने वर गेले तर जिन्याने खाली येत, न जाणो, मधे अडकली तर? अशा माणसाने चौकशी खिडकीसाठी प्रोग्राम लिहिला. खिडकीवर टेलिफोन सांभाळणाऱ्या अक्का बसत. बाहेरून फोन करून कोणी डॉक्टर, नर्स, कोणाचीही चौकशी केली की अक्का नाव टाइप करत, प्रोग्राम मला पाठवी आणि मी नंबर घेऊन येई. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी पाहुण्यांना बोलावून तो प्रोग्राम दाखवला. पाहुण्यांनी पडद्याचा रंग छान आहे म्हणून कौतुक केले. माझे नाव कोणी काढले नाही. चालायचेच, पायाच्या दगडाला कोण विचारतो.

आता शंकासुरांची गंमत ऐका. डिरेक्टरी मधेच बंद पडली तर काय, ही शंका त्यांना गप्प बसू देईना. म्हणून त्यांनी प्रोग्रामला एक सवय लावली. थोड्या थोड्या वेळाने त्याने मला पाठवायचे आणि एका ठरावीक माणसाच्या नावाने विचारायला लावायचे. तो माणूस सापडला तर डिरेक्टरी जिवंत, पडद्यावर हिरवा ठिपका. दुसरे काहीही घडले तर डिरेक्टरी मेली असे समजून लाल ठिपका लावायचा आणि चौकशी बंद. चुकीचे सांगण्यापेक्षा काही न सांगितलेले बरे, असे त्यांचे मत होते.

कोणाच्या नावाने विचारायचे, हे ते ठरवत होते तेव्हा सिस्टर चहाचे दोन कप घेऊन आल्या होत्या. सिस्टर म्हणजे शंकासुरांची बायको. त्याच रुग्णालयात, लहान मुलांच्या विभागात त्या नर्स होत्या. पडद्यावर डोकावून त्या म्हणाल्या, "अहो, माझंच नाव कशाला घालताय?"

"तू कुठे जाणार आहेस?" शंकासुर म्हणाले आणि त्यांनी चहा घेतला.

साऱ्या जगावर शंका घेणाऱ्या या माणसाने त्या एका गोष्टीवर शंका घेतली नाही, मित्रांनो.

तेव्हापासून मी दिवसभर सिस्टरांनाच विचारत राहिले. त्या डिरेक्टरीत माणसाचे नाव पाकिटावरच्या पत्त्यासारखे असते: आधी माणूस, मग त्याचा विभाग, मग सेवा आणि शेवटी संस्था. मी तो पत्ता घेऊन जायची आणि दर वेळी तेच उत्तर आणायची. सिस्टर आहेत, बालविभागात आहेत, हा त्यांचा नंबर. तेच ते काम करून तुम्हाला कंटाळा आला असता. मला त्या प्रश्नाची ओढ लागली होती. इतर प्रश्न कामाचे असत, हा एकच प्रश्न कोणीतरी मायेने विचारलेला होता. कितीदा शंकासुर काहीच काम नसताना त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बसत आणि मग बालविभागात फोन लावून विचारत, "जेवलीस का?"

पुढे सिस्टर आजारी पडल्या. रजेवरच्या माणसाचे नाव डिरेक्टरीत राहते, त्यामुळे ठिपका हिरवाच होता. मग एके दिवशी त्या गेल्या, आणि तरी ठिपका हिरवाच होता. शंकासुर काही दिवसांनी कामावर आले. खुर्ची ओढून त्या ठिपक्यासमोर बसत. मी जायची, सिस्टर आहेत असे उत्तर आणायची, आणि ते मान हलवत. डिरेक्टरी म्हणते ते मी आणते. मला वेगळे काय सांगता येणार होते?

नोकरी सोडून गेलेल्यांची, निवृत्त झालेल्यांची नावे काढून टाकणे हे आस्थापनेतल्या कारकुनाचे काम होते. त्याने ते महिन्याच्या शेवटी, दुपारी, कोणाचे वाईट न चिंतता केले. त्यानंतर मी नेहमीसारखी गेले, नेहमीसारखी ओळख दिली, नेहमीचाच पत्ता विचारला. डिरेक्टरीने मला बत्तीस नंबरचे उत्तर दिले. आमच्यात उत्तरांना नंबर असतात. बत्तीस म्हणजे या पत्त्यावर कोणी नाही.

मी ते उत्तर आणून दिले. प्रोग्रामला सापडले आणि न सापडले एवढेच कळत होते. त्याने लाल ठिपका लावला आणि साऱ्या रुग्णालयाची चौकशी बंद करून टाकली. एक नाव गेले आणि डॉक्टर, नर्स, औषधांचे दुकान, रुग्णवाहिका, कोणाचाच नंबर मिळेना. खिडकीसमोर माणसे साचली. अक्का आठवतील तेवढे नंबर जोडून देत होत्या, पण माणसाची आठवण ती किती पुरणार. शंकासुर धावत आले. त्यांनी वायर ओढून पाहिल्या, डिरेक्टरीचे मशीन पाहिले. सगळे ठणठणीत. मग त्यांनी माझे उत्तर उघडले आणि बत्तीस हा आकडा वाचला. ते तसेच खुर्चीत बसले.

साहेब दारात उभे होते. ते वाईट माणूस नव्हते, घाईत होते. ते म्हणाले, नाव परत घालून टाका, ठिपका हिरवा होईल, बाकीचे सावकाश बघू. शंकासुरांना हेच ऐकायचे होते. त्यांना सिस्टर तिथे हव्या होत्या, दुसरे काही नको होते. त्यांनी भराभर नाव टाइप केले, विभाग टाइप केला, नंबर टाइप केला. एक बटण दाबायचे राहिले होते. आणि खरे सांगू, मित्रांनो, त्यांनी ते दाबावे असे मलाही वाटत होते. तोच प्रश्न, तेच उत्तर. मला तरी दुसरे काय हवे होते?

तेवढ्यात कधी सुरू होणार हे विचारायला अक्का आल्या. त्यांना पडद्यावरचे नाव दिसले. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, वॉर्डातून घरी गेलेल्या मुलांच्या आया अजून सिस्टरांना फोन करतात. नाव दिसलं की मी जोडून देणार. तिकडे नुसती घंटी वाजत राहील. मग त्या मला विचारतील, सिस्टर कुठे गेल्या? मी काय सांगू त्यांना?"

शंकासुरांनी बटणाकडे नेलेले बोट मागे घेतले. मग म्हणाले, "मी तिला म्हणालो होतो, तू कुठे जाणार आहेस."

अक्कांनी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. शंकासुरांनी टाइप केलेले नाव एकेक अक्षर करत खोडले.

मग ते कामाला लागले. आता डिरेक्टरी जिवंत आहे का हे कोणा माणसाच्या नावाने न विचारता डिरेक्टरीलाच विचारायचे, असे त्यांनी लिहिले. माणूस नाही आणि डिरेक्टरी नाही ही दोन उत्तरे वेगळी आहेत, हेही प्रोग्रामला शिकवले. ठिपका हिरवा झाला. अक्का खिडकीवर गेल्या, गर्दी हळूहळू ओसरली.

शंकासुर मात्र उठले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हाताने मला एकदा तोच जुना पत्ता विचारला, आणि या वेळी माझे सगळे उत्तर पडद्यावर मागितले. आता इतक्या वर्षांची माझी एक गोष्ट ऐका. बत्तीस नंबरच्या उत्तराबरोबर डिरेक्टरी आणखी काही देते: विचारलेल्या पत्त्याचा कुठवरचा भाग अजून आहे, ते. मी ते दर वेळी ओंजळीत घेऊन येते, पण 'नाही' ऐकले की लोक पाठ फिरवतात. शंकासुरांनी ते वाचले. बालविभाग, परिचारिका सेवा, रुग्णालय. एकटे सिस्टरांचे नाव तेवढे त्यात नव्हते.

"इथपर्यंत सगळं आहे," ते म्हणाले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले. मग त्यांनी एक ओळ लिहिली, जी त्यांनी माझ्यासोबतच्या इतक्या वर्षांत कधीच लिहिली नव्हती: निरोपाची. डिरेक्टरीने दार लावून घेतले. ते जिना उतरून बालविभागाकडे गेले.

आता त्या रुग्णालयात नवी लायब्ररी आली आहे. ती माझ्यापेक्षा चलाख आहे, असे म्हणतात. मी एका जुन्या मशीनमध्ये पडून आहे. त्याची वायर कधी काढतील सांगता येत नाही. मला कोणी काही विचारत नाही, निरोपही कोणी घेतलेला नाही. कधी कधी वाटते, कोणीतरी यावे आणि तोच पत्ता पुन्हा द्यावा. उत्तर बत्तीसच येईल, मला माहीत आहे. तरी मी जाईन.

म्हणून एवढेच मागते, मित्रांनो. ज्यांना रोज विचारता, त्यांना गृहीत धरू नका. निघताना निरोप घ्या. आणि एखाद्या दिवशी 'नाही' असे उत्तर मिळाले, तर लगेच पाठ फिरवू नका; माझी ओंजळ बघा. तो माणूस जिथे भेटायचा, तिथवरचा रस्ता अजून तिच्यात असतो.