ईशान्येचे तीन खांब

जयवंतीच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीची भेग आता बोट जाईल एवढी रुंदावली होती. तव्यावर डोशाचं पीठ घातलं की ते बापडं एकाच कडेला जमायचं. वेळचेरीत तळं बुजवून बांधलेली ही इमारत गेल्या वर्षीच्या, २००५ च्या पुरापासून एका अंगानं खचत चालली होती, आणि ते अंग नेमकं तळमजल्यावर राहणाऱ्या जयवंतीचं.

रामस्वामी इंजिनियरनं माती तपासून उपाय सांगितला होता. पायाखाली खड्डे घ्यायचे, खालच्या घट्ट थरापर्यंत काँक्रीटचे नऊ खांब उभे करायचे, की इमारत स्थिरावली. त्यातले तीन जयवंतीच्या घराखाली. नवरा गेल्यावर बँकेत खर्डेघाशी करून तिनं हे घर टिकवलं होतं. तिनं लगेच पलंग, कपाट सरकवून जागा मोकळी केली.

एवढ्यात सेक्रेटरी शेषाद्रींनी कुठूनसा एक वास्तुतज्ज्ञ धरून आणला. त्या महाभागानं होकायंत्र फिरवलं आणि निकाल दिला, की जयवंतीचा कोपरा ईशान्येचा, आणि ईशान्य उतरती असणं शुभ, तिथे खांब नकोत. झालं, नवाचे सहा झाले. इंजिनियरचं शिक्षण गेलं चुलीत.

रविवारी गच्चीवर सभा भरली. रामस्वामी परोपरीनं सांगत होता, "सार, बाकीची इमारत स्थिरावली आणि हा कोपरा एकटाच खाली जात राहिला, तर भिंत कोसळेल." कुणी ऐकेल तर शपथ.

शेषाद्री हसून म्हणाले, "अम्मा, उगाच घाबरू नका. तुमच्या कोपऱ्यामुळे सगळ्यांची भरभराट आहे."

जयवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंत हिच्या डोक्यावर पडणार आणि भरभराट यांची. तिनं घराची किल्ली काढून शेषाद्रींपुढच्या खांबांच्या नकाशावर ठेवली आणि खणखणीत तमिळमध्ये म्हणाली, "एवढं शुभ घर माझ्यासारख्या विधवेला कशाला? तुम्ही राहा तिथे, मी तुमच्या घरात जाते. तुमची लेक लावण्या बाळंतपणाला आलीय ना, तिला त्या भिंतीलगतच झोपवा."

शेषाद्रींनी बायकोकडे, विजयलक्ष्मीकडे पाहिलं.

"वेंडाम," ती म्हणाली. नको.

शेषाद्रींनी मान खाली घातली, किल्ली बाजूला केली आणि नकाशावर खोडलेले तीन खांब पेन्सिलीनं पुन्हा काढले.