दाढ आणि दिवा

दातांची डॉक्टरकी सोडून सासूबाईंना दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांत त्यांनी सुनेकडून डायव्हिंग शिकून घेतलं होतं. रविवारी सून त्यांना बुडालेल्या जहाजाच्या पोटात नेणार होती. आठवडाभर बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. भाजी चिरतानासुद्धा त्या तोंडाने बुडबुडे सोडल्याचा आवाज काढायच्या.

अडचण एकच होती. समोर माणूस आला की दिवा थेट त्याच्या तोंडात मारायचा, ही चाळीस वर्षांची सवय. सरावात त्यांनी दोनदा सुनेच्या डोळ्यांवर झोत मारला होता. काळोख्या पाण्यात डोळे दिपले की दोर दिसत नाही, आणि दोर सुटला की बाहेरची वाटही सुटते. सुनेने स्वच्छ सांगितलं होतं, "आई, तिसऱ्यांदा मारलात तर रविवारी बोटीवर बसून आमचे टॉवेल सांभाळायचे."

दिवे घ्यायला दोघी डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानात गेल्या, तिथे दोन छोटे राखीव दिवे चटकन ठरले. जाड हातमोजे घालूनही फिरवून लावता आले, ते घेतले. राहिला मोठा दिवा. दुकानदार दोघींना मागच्या गोदामात घेऊन गेला आणि त्याने दार लावलं. आत मिट्ट काळोख.

"हा बघा मावशी, अख्खं जहाज उजळेल."

बाईंनी हावरटासारखं बटण दाबलं. गोदाम पांढरंफटक झालं आणि तिघांनीही डोळे मिटले.

"हा गंमत म्हणून सोडला, मोजत नाही," सून म्हणाली. "पण असा पसरट उजेड पाण्यातल्या गाळावरच अडतो, पुढे नुसतं धुकं. आता अरुंद झोताचा घ्या. तो कुणाच्या डोळ्यांवर गेला तर मात्र मी मोजणार."

अरुंद झोत काठीसारखा सरळ भिंतीला टेकला. बाई खूश. त्यांनी छतावर रेघोट्या ओढल्या, खोके मोजले, एक कोळी झोतात पकडला. ते बघून दुकानदार खो खो हसला, आणि त्या अर्धवट उजेडात बाईंना त्याच्या तोंडात उजव्या बाजूला काहीतरी काळं दिसलं.

मनगट आपसूक वळलं. ते कुणाचं ऐकतंय? झोत दुकानदाराच्या गुडघ्यावर आला, पोटावर चढला. टॉवेल डोळ्यांपुढे आले. शर्टाच्या वरच्या बटणापाशी झोत थांबला. शर्ट पांढरा होता. त्याच्यावरून परतलेला मऊ उजेड वर गेला आणि सगळं तोंड उघडं पडलं. डोळे मात्र शाबूत.

"खालची दाढ," बाई वाकून म्हणाल्या. "सिमेंट उडालंय. गार पाणी लागलं की कळ येते ना?"

"आँ," दुकानदार म्हणाला.

"हाच दिवा द्या."

सून पोट धरून हसत सुटली. हसता हसताच तिने हातातल्या छोट्या दिव्याने बाईंच्या पायाशी एक गोल काढला. पाण्यात त्याचा अर्थ, सगळं ठीक. बाईंनीही तिच्या पायाशी गोल काढला. आनंदाच्या घाईत त्याचा बटाटा झाला.

"रविवारी पहाटे पाचला तयार राहा," सून म्हणाली. "आणि माझ्या तोंडात काय दिसलं ते आज सांगू नका."

"मी पाहिलंच नाही गं."

ते खरं होतं. एवढं मोठं हसू समोर असून त्यांचा झोत तिच्या पायांवरून हलला नव्हता.