भिंतीवरचं शेवाळ

सासरे मला भागूबाई म्हणतात. भित्री भागूबाई. पाल दिसली की मी स्टुलावर, गॅसचा नुसता भास झाला तरी सगळ्या खिडक्या सताड उघड्या. त्यामुळे मी घाबरले तर घरात कुणी मानही वर करत नाही.

मी काचेच्या बरण्यांत छोट्या बागा लावून विकते. त्याला टेरेरियम म्हणतात, सासरे ‘बरणीतलं रान’ म्हणतात. शेवाळ मीच निवडून आणते. दगडावरचं दगडालाच लावायचं, मातीवरचं मातीला, नाहीतर ते पिवळं पडतं. यंदाच्या उन्हाने सगळीकडचं शेवाळ वाळून कुरकुरीत झालं होतं. हिरवंगार होतं ते फक्त आमच्या घरामागच्या उंच दगडी भिंतीवर. वरच्या रस्त्याची माती या भिंतीनेच धरून ठेवली आहे आणि तिच्या पायथ्याशीच सासऱ्यांची खोली. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं म्हणत मी महिनाभर तिथून शेवाळ काढत होते.

आज दुपारी उलथन्याने एक तुकडा उचलला आणि त्याच्यासोबत दगडांमधला चुना निघून आला. बोट घातलं तर पेरभर आत गेलं. हातावर गढूळ पाणी ओघळलं. वर पाहिलं तर हिरवा पट्टा थेट माथ्यापर्यंत चढलेला, आणि भिंत मधे पोट आल्यासारखी फुगलेली. ऐन उन्हाळ्यात या शेवाळाला पाणी कोण घालतंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

नवऱ्याला फोन केला. “अगं, माझ्या जन्माआधीपासून उभी आहे ती,” तो म्हणाला. “संध्याकाळी बघतो.”

सासरे त्यांच्या खोलीत खाटेवर, तोंडावर पेपर घेऊन पडले होते.

“बाबा, पुढच्या खोलीत चला. मागची भिंत पडेल.”

“मागे छत पडणार होतं, मग पंखा. आज भिंतीचा नंबर का?” त्यांनी कूस बदलली.

धिप्पाड माणूस, मला थोडाच उचलवणार. खिडकीत त्यांची स्वतःची बरणी होती. तिला हात लावायची कुणाची टाप नाही. काचेवरचं धुकं बघून झाकण किती उघडायचं, ते रोज तेच ठरवतात. मी ती उचलली.

“यात पाणी साचलंय. सगळं उपसून टाकते,” मी म्हणाले आणि चालू लागले.

“ठेव ती. ठेव म्हणतो ना!” काठी आपटत ते मागे आले. पुढच्या खोलीत त्यांनी बरणी हिसकावून उजेडात धरली. “कुठे साचलंय पाणी? खोटारडी.” आणि बरणी काखेत मारून ते परत वळले.

मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं.

“सोड. चष्मा राहिलाय माझा.”

“नाही सोडणार.”

“वेड लागलंय का तुला?”

मी रडत होते, पण पकड ढिली केली नाही. त्यांनी हिसडा दिला. तेवढ्यात मागे काहीतरी घसरल्याचा आवाज झाला, मग पायाखालची फरशी हादरली आणि दारातून धूळ आत आली.

धूळ खाली बसली तेव्हा खाट दिसत नव्हती. तिच्या जागी दगड होते, काहींवर अजून हिरवं शेवाळ होतं.

सासरे बरणी छातीशी धरून बघत राहिले. मी त्यांच्या मनगटावरचे हात सैल केले.

“सोडू नकोस,” ते म्हणाले.