आज कान बंद

स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर उभं धरून गरकन फिरवलं, तर ते लगेच पडत नाही. आधी नाण्यासारखं ताठ फिरतं, मग कलतं, आणि एकदा कललं की काठावर डगमगत घुमायला लागतं. आता ते दमत जाईल, आवाज संथ होत जाईल, असं आपल्याला वाटतं. होतं उलटंच. झाकण जितकं खाली झुकतं तितकी त्याची थरथर वाढते, आवाज चढत जातो, आणि सगळ्यात घाईचा, सगळ्यात बारीक आवाज ते निपचित पडण्याच्या अगदी आधी करतं. मग एकदम गप्प.

अंबिकाबाईंनी हे अकरावीच्या मुलांना कितीतरी वर्षं करून दाखवलं होतं. आज त्यांनी ते मोबाइलसाठी केलं. पोह्याच्या डब्याचं झाकण हॉलच्या मधोमध फिरवलं, फोन शेजारी ठेवला, आणि झाकण शांत झाल्यावर रेकॉर्डिंग बंद करून 'कानोसा'वर पाठवून दिलं. खाली लिहिलं, "ओळखा. तीनच संधी."

'कानोसा' हा गुणवंतरावांनी काढलेला ग्रुप. लॉकडाऊनमध्ये सगळे घरात कोंडले होते तेव्हा सुरू झाला आणि नंतरही बंद पडायला तयार नव्हता. गुणवंतरावांचं भाईंदरच्या केबिन रोडला मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. मोटर कण्हली की तिचं दुखणं ओळखायची त्यांना सवय, त्यातूनच हा खेळ त्यांच्या डोक्यात आला. रोज संध्याकाळी सात वाजता एकाने घरातला एक आवाज पाठवायचा, बाकीच्यांनी तो कशाचा ते ओळखायचं. जो जिंकेल त्याने उद्याचा आवाज आणायचा. तिन्ही अंदाज चुकले तर दंड. आणि दंड असा, की क्षणभर गप्प बसून आपलं घर ऐकवायचं. नुसतं घर. त्यात पंखा असेल, शेजारचं बाळ असेल, कुकरची वाफ असेल. खरं तर लोकांना खेळापेक्षा हा दंडच जास्त आवडायचा. ग्रुपमध्ये नावं पुष्कळ होती, पण रोज भांडायला चौघंच.

पहिलं उत्तर ममताचं आलं. ममता अंबिकाबाईंची जुनी विद्यार्थिनी, आता मीरा रोडला राहायची आणि बँकेत होती.

"मॅडम, थाळी पडली. फायनल."

"पडली नाही. आणि अंदाज एकदाच फायनल होतो, तू रोज तीनदा करतेस," अंबिकाबाईंनी लिहिलं.

मग सरूबाईंचा आवाज आला. सरूबाई उत्तनच्या. भाईंदरला अंबिकाबाईंच्या दारावर मासळीची टोपली घेऊन यायच्या, अंबिकाबाईंनीच त्यांना ग्रुपमध्ये घेतलं होतं. त्यांना लिहिण्याचा कंटाळा, त्यामुळे त्या बोलूनच उत्तर द्यायच्या, आणि आवाज कशाचाही असो, उत्तर ठरलेलं असायचं. "बाय, ह्ये म्हावरं हाय. तव्यावर टाकलंय. सुरमय."

"सरूबाई, सुरमई गोल गोल फिरते का हो?" ममताने लिहिलं.

"ताजी आसली तर फिरंल बी!"

अंबिकाबाई एकट्याच हसल्या. हसण्याचा आवाज भिंतींवरून परत आला आणि त्या जरा दचकल्या. हॉलमध्ये आता एक प्लास्टिकची खुर्ची होती, बाकी काही नव्हतं. सोफा, कपाट, पुस्तकं, सतरंजी, पडदे, सगळं मागच्या आठवड्यात नीरज टेम्पोत घालून पुण्याला घेऊन गेला होता.

नीरज त्यांचा एकुलता मुलगा. गेल्या वर्षी त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या, मनगट मोडलं, आणि सकाळी कामवाली किल्ली लावून आत येईपर्यंत तिथेच फरशीवर होत्या. तेव्हापासून तो एकच सांगत होता. "आई, तू पुण्याला ये. फ्लॅट विकून टाकू." त्याच्या बोलण्यात जबरदस्ती नव्हती, भीती होती. अंबिकाबाईंनाही ती दिसायची, कारण ती त्यांच्यातही होती. शिवाय पुण्याला दिव्या होती, पाच वर्षांची नात, व्हिडिओ कॉलवर नाक कॅमेऱ्याला चिकटवून बोलणारी. म्हणून त्या दर वेळी म्हणायच्या, "बघू."

त्यांचं 'बघू' नीरजला लहानपणापासून ठाऊक होतं. सायकल मागितली तेव्हा 'बघू' म्हणाल्या आणि सायकल आली. सहलीला 'बघू' म्हणाल्या आणि डबा भरून दिला. त्यामुळे या वेळीही त्याने ते होकारात धरलं. मागच्या आठवड्यात तो टेम्पो घेऊनच आला. "सामान आधी नेऊन लावतो, म्हणजे तू येशील तेव्हा घर तयार असेल," म्हणाला. अंबिकाबाईंनी नाही म्हटलं नाही. पुस्तकं बांधायला सुतळीसुद्धा त्यांनीच काढून दिली. आणि उद्या सकाळी एजंट गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

फोन टिंग वाजला. गुणवंतराव.

"डब्याचं झाकण. पोह्याचा डबा, कारण साखरेच्या डब्याला काठाला पोचा आहे, तो अडखळतो. मागे ऐकवला होतात."

"बरोबर," अंबिकाबाईंनी लिहिलं. "उद्याचा आवाज तुमचा."

"तो आणतो. पण बाई, तुमचा हॉल कुठे गेला?"

अंबिकाबाईंचा अंगठा फोनवर तसाच राहिला.

आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं, की कापड आणि लाकूड आवाज पिऊन टाकतात, मोकळ्या भिंती तो परत फेकतात. रिकाम्या वर्गात टाळी वाजवून दाखवली होती. आणि स्वतः मात्र नेहमीच्या सवयीने, स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरतो म्हणून, फोन घेऊन हॉलमध्ये येऊन बसल्या होत्या. त्यापेक्षा गुरगुरणारा फ्रिज परवडला असता.

"हो ना, घुमतंय खूप," ममताने लिहिलं. "मॅडम, बाथरूममध्ये रेकॉर्ड केलं का?"



'बाथरूम' या शब्दाला ग्रुपमध्ये जागा नव्हती, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण नव्हती. ज्या संध्याकाळी अंबिकाबाई पडल्या, त्या संध्याकाळी आवाज पाठवायची पाळी त्यांचीच होती. सात वाजून गेले आणि आवाज आला नाही, तेव्हा सगळ्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. 'मॅडम घाबरल्या.' 'बाईंचे आवाज संपले.' 'म्हावरं खायाला गेली.' बाथरूमच्या फरशीवरून अंबिकाबाईंना हॉलमधला फोन ऐकू येत होता. टिंग, टिंग, टिंग. कुणीतरी आपल्याशी बोलतंय एवढंच कळत होतं आणि त्याचाच आधार वाटत होता. मेसेज त्यांनी दोन दिवसांनी दवाखान्यात वाचले आणि हसल्या. बाकीच्यांना मात्र हसता आलं नाही. गुणवंतरावांनी त्याच दिवशी नवा नियम केला. ज्याला खेळायचं नसेल त्याने सातच्या आत 'आज कान बंद' असं लिहायचं. लिहिलं नाही आणि दिसलाही नाही, तर फोन करायचा. फोन उचलला नाही, तर जो जवळ राहतो त्याने घरी जायचं. गुणवंतराव गोडदेवला राहायचे, अंबिकाबाईंच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर. एकदा त्या लग्नाला गेल्या आणि लिहायला विसरल्या, तर मांडवातून घरी परतेपर्यंत गुणवंतराव वॉचमनशेजारी स्टुलावर बसलेले. हातात पान्याची पिशवी. गरज पडली तर कुलूप उघडायला.

"नाही, नाही. हॉलमध्येच," अंबिकाबाईंनी घाईने लिहिलं. "रंगकाम काढलंय."

"अरे वा! कुठला कलर?" ममताला हायसं वाटलेलं दिसलं.

"पांढरा."

"निळा मार, बाय," सरूबाई म्हणाल्या. "आमच्या होडीला मारलाय तसा. उरला हाय डबाभर."

"होडीचा रंग भिंतीला? पावसात घर तरंगेल मॅडमचं!"

"तरंगूं दे. वल्हवीत उत्तनला आनू."

अंबिकाबाई स्क्रीनकडे बघत होत्या. गुणवंतराव काहीतरी लिहीत होते, थांबत होते, पुन्हा लिहीत होते. शेवटी आलं ते एवढंच, "रंगाला घड्याळ कशाला उतरवलंत?"

आणि लगेच दुसरं, "तुमच्या प्रत्येक आवाजाच्या मागे ते असतं. एक ठोका हलका, एक जड. आज नाही."

ते लंबकाचं घड्याळ अंबिकाबाईंच्या नवऱ्याने भिंतीवर लावलं होतं, थोडं तिरकं. तिरकं म्हणून लंबक एका बाजूला जास्त जायचा आणि ठोका लंगडायचा. जन्मभर ते म्हणत राहिले, रविवारी सरळ करतो. ते गेल्यावर गुणवंतरावांनी एकदा विचारलं होतं, येऊन सरळ करून देऊ का? अंबिकाबाई नको म्हणाल्या होत्या. का नको, ते गुणवंतरावांनी विचारलं नव्हतं. नीरजने ते दुलईत गुंडाळून नेलं. पुण्यात त्याने ते स्पिरिट लेव्हल लावून अगदी सरळ टांगलं होतं आणि कौतुकाने व्हिडिओ पाठवला होता. दोन्ही ठोके सारखे पडत होते. अंबिकाबाईंना ते घड्याळ ओळखू आलं नाही.

ममताचा मेसेज आला, "मॅडम, तुम्ही कुठे चाललायत का?" आणि बघता बघता तो पुसला गेला. पण वाचून झाला होता.

"बाई, खोटं बोललात. रंगासाठी ते घड्याळ तुम्ही हलवू दिलं नसतंत," गुणवंतरावांनी लिहिलं. "खेळात खोटं चालत नाही. दंड. घर ऐकवा."

नाही म्हणता आलं असतं. 'आज कान बंद' लिहिता आलं असतं. अंबिकाबाईंनी फोन फरशीवर ठेवला, बटण दाबलं आणि खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसल्या.

पडदे नव्हते, त्यामुळे बाहेरचं सगळं आत येत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सरवर वाटण वाटत होतं. खाली गिरणीचा पट्टा फटफटत होता. केबिन रोडकडून भाजीवाला हिंदीतून भाव ओरडत होता आणि एक बाई त्याच्याशी गुजरातीतून भांडत होती. गोडदेवच्या देवळातली घंटा एकदाच वाजली, लहान मुलाला उचलून वाजवायला लावावी तशी, अर्धवट. त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि पाठवून दिलं.

या वेळी कुणीच मस्करी केली नाही. एकेकाने नुसतं ओळखायला सुरुवात केली.

"गिरणी. पट्टा सैल झालाय, त्याला सांगायला हवं," गुणवंतराव.

"वरच्या काकूंचा मिक्सर. आणि खुर्ची करकरली, प्लास्टिकची आहे," ममता. "मॅडम, तुम्ही बसलायत. बरं झालं."

"देवळाची घंटा. पुजाऱ्याच्या नातीने वाजवलीय, तिला दोरी पुरत नाही," पुन्हा गुणवंतराव.

मग सरूबाईंचा आवाज. नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "बाय, म्या दोनदा आयकला. ह्यात म्हावरं न्हाय. तव्याचा आवाज न्हाय, भांड्याचा न्हाय. तू आज चूल पेटवली न्हाय ना? सकाळच्याला येतंय मी. बोंबील घेऊन येतंय. दार उघडी ठेव."

अंबिकाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. खरंच सकाळच्या चहावरच होत्या. त्यानंतर गॅस पेटवायचा राहिला होता, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

चष्मा लावतायत तोवर फोन वाजला. नीरज.

"आई, जेवलीस?"

"जेवेन."

"बरं, ऐक. एजंट विचारतोय, उद्याचं नक्की ना? गिऱ्हाईक चांगलं आहे, त्याला सकाळीच होकार कळवायचाय. मी हो सांगू ना?"

"नीरज, मी पडले तेव्हा तू मला काय म्हणाला होतास?"

"काय म्हणालो होतो?"

"म्हणालास, आई, तुला काही झालं तर कुणाला कळणार?"

"मग? चुकीचं आहे का? रात्रभर तू तिथे... मला अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही, आई."

"ठाऊक आहे रे." त्या उठल्या. भिंतीपाशी गेल्या. घड्याळ होतं तिथे रंगाचा एक लांबट फिकट तुकडा राहिला होता, थोडासा तिरका. त्यावर त्यांनी हात ठेवला. "आज मी ग्रुपवर झाकणाचा आवाज पाठवला. पोह्याच्या डब्याच्या."

"आई, प्लीज, तो ग्रुप नंतर. मी काय विचारतोय?"

"तेच सांगतेय. त्या आवाजावरून गुणवंतरावांना कळलं की आपलं घड्याळ भिंतीवर नाही. मग नुसतं घर ऐकवलं, तर सरूबाईंना कळलं की मी दिवसभर जेवले नाही. मी एक अक्षर सांगितलं नव्हतं, नीरज. उलट खोटं सांगितलं होतं."

फोनमध्ये नीरजच्या मागून दिव्या कुणाला तरी काहीतरी मागत होती, आणि तिच्याही मागे घड्याळ. टक, टक, टक. सगळे ठोके सारखे.

"आई, तू 'बघू' म्हणाली होतीस," नीरज हळूच म्हणाला.

"हो. चूक माझी. भीती वाटत होती म्हणून म्हणत राहिले. तुला नाही म्हणायचं जिवावर येत होतं, म्हणून म्हणत राहिले. दिवाळीत येईन, मे महिन्यात येईन, दिव्याला झाकण फिरवून दाखवीन. बाथरूममध्ये कठडे बसवून घेऊ, तू सांगशील तसे."

"म्हणजे?"

खाली गिरणी बंद झाली. हॉल एकदम मोकळा झाला, आणि अंबिकाबाईंना आपलाच आवाज चारही भिंतींवरून स्वच्छ ऐकू आला.

"म्हणजे मी येत नाही, नीरज. मी इथेच राहणार. एजंटला नको म्हणून सांग, आणि घड्याळ तेवढं परत पाठव."