गार गाडी

अक्षतानं काचेवर टिचकी मारली, तरी गणपतराव वळून बघेनात. अंगणात उभ्या मारुतीच्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तिचे सासरे फाटकाकडं बघत बसले होते. २००४ सालच्या मे महिन्यातली दुपार होती, इंजिन चालू होतं.

एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची गाडी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं चालवली. बैठक कितीही लांबो, साहेब बाहेर आले की गाडी आतून गार असायची. गणपतराव भर उन्हात इंजिन चालू ठेवून थांबत. आता त्यांना शेजाऱ्यांची नावंही आठवत नव्हती. पण दुपार झाली की ते मुलाच्या, जयसिंगच्या, गाडीत जाऊन बसत.

जयसिंगला धास्ती एकच होती. एखाद्या दिवशी गिअर पडायचा आणि आबा रस्त्यावर निघायचे. त्यानं एकदा किल्ली लपवून बघितली, तर म्हातारा तापलेल्या गाडीत काचा लावून तसाच बसला. घामानं निथळत असताना उचलून घरात आणावं लागलं. एसी फिरतो इंजिनच्या पट्ट्यावर, इंजिन बंद की गारवा बंद, त्याला इलाज नाही, असं जयसिंग काल बायकोला सांगत होता. जपानात म्हणे बॅटरीवरच्या एसीची गाडी निघालीय, इंजिन गप्प असलं तरी आत गार. तसली असती तर आबांना खुशाल बसू दिलं असतं. मग जरा थांबून त्यानं गाडी विकायचं बोलून टाकलं. आज संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. आबांना सांगायचं काम अक्षताकडं आलं होतं.

तिनं दार उघडलं आणि पोट सावरत शेजारच्या सीटवर बसली. नववा लागल्यापासून बसणं-उठणंही जड झालं होतं. आतला गारवा अंगाला लागला तसं तिला बरं वाटलं.

"आबा, साहेब न्हाई येणार आता," ती हळूच म्हणाली.

"ठावं हाय की. त्येंच्या मातीला गेलतो मी."

अक्षता त्यांच्याकडं वळली.

"मग रोज कुणासाठी गाडी गार करून ठेवताय?"

गणपतरावांनी एसीची झडप बोटानं तिच्या बाजूला वळवली.

"तुझ्यासाठी. कळा काय सांगून येत्यात व्हय? तापल्याल्या गाडीत कसं न्यायचं तुला?"

पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "आणि चालवणार कोण?"

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"जयसिंग की. मला वाट ध्यानात ऱ्हात न्हाय आता."

संध्याकाळी गाडी बघायला आलेल्या पावण्यांना अक्षतानं चहा दिला, आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. जयसिंग काही विचारणार होता. पण तिचा चेहरा बघून तो नुसताच पावण्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला.