‘येऊन गेलेले’ पेटी परत देण्याबाबत

‘ओटा’चं रूप बदललं तो मंगळवार होता, आणि त्या दिवशी खापरखेड्याच्या रविंद्रभाऊ गजभियेंचा चहा कपातच थंड झाला.

ओटा ही नागपूरच्या चार-पाच इंजिनियर पोरांनी काढलेली साइट. ज्याचं त्याचं एक पान, त्यावर फोटो टाकायचे, एकमेकांची विचारपूस करायची, निवडणुकीच्या दिवसांत हौसेनं भांडायचंही. वीज केंद्रातून रिटायर झाल्यापासून रविंद्रभाऊंची सकाळ तिथेच उजाडायची. आज पाहतात तर सगळं पान जांभळं, अक्षरं फुगलेली, आणि उजव्या कोपऱ्यातली ‘आज येऊन गेलेले’ ही पेटी साफ गायब. आपल्या पानावर कोण, किती वाजता डोकावून गेलं ते त्या पेटीत दिसायचं. तिच्या जागी एक ओळ टाकली होती: तुमच्या खासगीपणासाठी ही सोय बंद केली आहे. आता सांगा, ओट्यावर येऊन बसणाऱ्याला कसला आलाय खासगीपणा?

“अजी, पेटीच तं गेली. पान तं जागेवर आहे ना,” त्यांची बायको उत्तरा म्हणाली.

“तुले नाही समजत,” ते म्हणाले. तिला सगळं समजत होतं.

त्या पेटीत रोज त्यांच्या बहिणीचं नाव यायचं. वच्छला, सकाळी सहा चाळीस.

भावा-बहिणीचं बोलणं चार वर्षांपासून बंद होतं. त्यांची माय तुळसाबाई रविंद्रभाऊंच्या घरी वारली ती ऐन मे महिन्यात. वच्छला कुहीवरून निघाली आणि तिची गाडी वाटेत बंद पडली. इकडे ऊन तापायला लागलं, म्हातारी माणसं मागे लागली, काहून थांबून राहिला गा, उचला आता. आणि रविंद्रभाऊंनी मान डोलावली. वच्छला पोचली तेव्हा घाटावर सरण पेटलेलं होतं. “भाऊ, तू मले मायचं तोंड नाही पाहू देल्लं,” एवढंच ती बोलली आणि घोटभर पाणी न पिता परत गेली.

मग त्यांनी फोन केले. दहा-बारा तरी केले असतील. दर वेळी ओठांवर एकच वाक्य तयार असायचं: गाडी बंद पडली, त्याले मी काय करू? तिने एकही फोन उचलला नाही, ते एका परीनं बरंच झालं म्हणायचं. असं वाक्य ऐकून कोणाचं मन वळलंय?

पुढे एका सकाळी पेटीत तिचं नाव दिसलं. लाइक नाही, कमेंट नाही, नुसतं येऊन जाणं. दुसऱ्या दिवशीही तेच. रविंद्रभाऊ काय समजायचं ते समजले आणि सातच्या ठोक्याला तिच्या पानावर जाऊन आले. तेव्हापासून दोघांचा हा नेम पडला. तिला पाहायला काहीतरी असावं म्हणून ते रोज एक फोटो टाकायचे. जास्वंद उमलली, गच्चीवर वीज केंद्राची राख येऊन बसली, उत्तराने वांग्याचं भरीत केलं. तिकडून कुहीचे धानाचे बांध यायचे, मांजरीची पिल्लं यायची. मागच्या साली आठ दिवस तिचं नाव आलं नाही, तर हा माणूस आठ दिवस धड जेवला नाही. नवव्या दिवशी ती आली, आणि तिच्या नव्या फोटोत हाताला प्लास्टर होतं. हात मोडला, पण जीव तर शाबूत आहे, म्हणून त्या दिवशी यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आणि आता पेटीच नाही. ती येते की नाही, कसं कळावं? आपण गेलो हे तिला कोण सांगणार? तीन दिवस रविंद्रभाऊ घरात नुसते येरझारा घालत राहिले. शेवटी शुक्रवारी उत्तराच म्हणाली, “त्यायनं लोकाइले विचारलं आहे ना, नवा ओटा कसा वाटला म्हणून. तिथं लिहा न जी. मले काहून त्रास?”

तिथे तर बाजार भरला होता. नऊशे माणसं मिळून कंपनीला धूत होती. “जांभळा रंग पाहून डोकं दुखून राहिलं बे.” “माह्या बुढ्या मायले तिचं पान सापडून नाही राहिलं.” “जुना ओटा वापस द्या, नाही तं आम्ही चाललो.” नागपूरच्या जरीपटका बाजारातल्या एका दुकानदाराने लिहिलं होतं, फोटो आडवे दिसून राहिले, गिऱ्हाईक मान वाकडी करून साड्या पाहते. साहिल नावाच्या एकट्या माणसाला नवं रूप आवडलं होतं, तर लोकांनी कंपनी सोडून त्यालाच धरलं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा रविंद्रभाऊंना हसू आलं.

त्यांनी मात्र रीतसर अर्ज लिहिला. त्यांचे बाबा कुहीच्या तहसीलबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, आणि दोन्ही लेकरांना त्यांनी पाटीवर अर्ज गिरवायला लावूनच वाढवलं होतं. प्रति, विषय, महोदय. वर बजावायचे, कारण खरं लिहा, साहेबाले खोटं कारण वासानं समजते. रविंद्रभाऊंनी लिहिलं, पेटी काढल्याने सर्व सभासदांची गैरसोय होत आहे. सभासदांची म्हणे.

जेवण झाल्यावर आपला अर्ज लागला का, म्हणून ते पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसले. शिव्यांच्या त्या गर्दीत ‘प्रति, माननीय व्यवस्थापक’ दिसलं. लागला तर. चष्मा सावरून ते आपलेच शब्द वाचायला लागले.

“विषय: येऊन गेलेले ही पेटी परत देण्याबाबत. महोदय, माझे मोठे भाऊ खापरखेड्याला राहतात.”

हे त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

“आमचे चार वर्षांपासून बोलणे नाही. मी रोज सकाळी त्यांच्या पानावर जाते ते त्यांना दिसते, ते येतात ते मला दिसते. त्यावरून भाऊ बरा आहे हे समजते. मंगळवारपासून काही समजत नाही. त्यांना वाटेल मी येणे सोडले. मी सोडले नाही. तरी पेटी परत द्यावी, ही नम्र विनंती. आपली विश्वासू, वच्छला.”

नऊशे लोकांपुढे हिने खरं कारण मांडून ठेवलं होतं. खाली कंपनीचं उत्तर होतं, सगळ्यांना एकच: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. त्याखाली मिनल नावाच्या कुण्या मुलीने लिहिलं होतं, “काकू, सरळ फोन करा ना भावाला.” आणि त्यावर वच्छलाचं उत्तर: “त्याचे फोन मीच उचलले नाही बाई. आता कोणत्या तोंडानं करू.”

रविंद्रभाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मागे उभ्या उत्तरानेही वाचलं. तिने मोबाइल आणून त्यांच्या हातात दिला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. चार वर्षं तयार ठेवलेलं ते गाडीचं वाक्य रविंद्रभाऊंना आता आठवलंसुद्धा नाही.

“वच्छे,” ते म्हणाले, “मी थांबाले पाहिजे होतं. घंटाभर थांबलो असतो तं काही बिघडत नव्हतं. माहं चुकलं वं.”

तिकडे ती रडत होती. मग सावरली.

“भाऊ, मायचं तोंड कसं दिसत होतं?”

चार वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

“झोपल्यावानी दिसत होती. कपाळावर केस आले होते, ते मी मागं सारले.” “बाया म्हणत होत्या, कवळी काढून ठेवा. मी नाही काढू देल्ली. म्हटलं, वच्छी येऊन राहिली, तिले मायचं बोळकं तोंड पाहवत नाही.”

“बरं केलं भाऊ,” वच्छला म्हणाली. “आणखी सांग.”