नादकाट्याचा जळफळाट

मी एक जुना नादकाटा आहे, इंग्रजीत ट्यूनिंग फोर्क. दोन पाती आणि एक दांडी, बस्स! मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या खालच्या खणात मी पडून असतो. आणि वरच्या खणात, काचेमागे, ऐटीत कोण बसलंय? तो प्लास्टरचा मेंदू! त्याच्याकडे पाहिलं की आजही माझं पोलाद तापतं. का, ते सांगतो.

कारखान्यात मला घासून घासून अशा बेताने घडवलं, की एक ठोका बसला की माझी पाती सेकंदाला पाचशे बारा वेळा थरथरतात. त्यांच्यासोबत हवा थरथरते, मग कानाचा पडदा, त्यामागची तीन इवलीशी हाडं, आणि गोगलगायीच्या शंखासारख्या नळीतलं पाणी. तिथून नस निघते ती मेंदूकडे जाते. माझी दांडी कानामागच्या हाडावर टेकवली, तर हाडातूनही माझा आवाज आत पोचतो. आहे का असं काही त्या प्लास्टरच्या अंगात?

१९७४ साली मी नाशिकरोडला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे आलो. देवळाली कॅम्पातले तोफखान्याचे जवान यायचे, तोफांच्या आवाजाने कान दमलेले. बाई मला आपल्या गुडघ्यावर ठोकायच्या आणि त्यांच्या कानाशी धरायच्या. "हा माझा हुकमाचा एक्का," असं म्हणायच्या. काय सांगू तेव्हाचा माझा थाट!

मग १९७९ साली तो आला. मुंबईहून, भुशाच्या खोक्यात. गुलाबी, निळा, पिवळा. कडी उघडली की सुटा होणारा. आलेला प्रत्येक पेशंट आधी त्याच्याकडे बघायचा. "अगं बाई, मेंदू असा असतो होय!" त्याला रोज मऊ फडक्याने पुसायचे. मी मात्र ट्रेमध्ये, कापसाच्या बोळ्यांशेजारी. ना आवाज, ना हालचाल, नुसता रंगवलेला ठोंब्या! मी जळून खाक व्हायचो.

अशात एक दिवस रंगूबाई आपल्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. सावळीराम गुरुजी, प्राथमिक शाळेतले. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं.

"तवापासून कान बी गेले बघा, बाई," रंगूबाई म्हणाल्या. "कितीबी वरडा, उत्तर म्हणून नाय. सगळी वसाहत यांच्या कानात वरडून जाते."

गुरुजी मान खाली घालून बसले होते. बाईंनी मला ठोकलं. "गुरुजी, ऐकू आलं की हात वर करा." डावा हात लगेच वर! दुसऱ्या कानाशी नेलं, तरी वर. माझा आवाज विरला, तेव्हाच हात खाली आला. कान ठणठणीत! हे कुणी शोधून काढलं? मी! आणि बाईंनी काय करावं? वळल्या आणि त्या ठोंब्याची कडी उघडली.

"त्यांना सगळं ऐकू येतं, रंगूबाई. समजतंही. पण इथे, डाव्या बाजूला, शब्द जुळवायची जागा असते. तिला इजा झालीय. मनात आहे ते तोंडापर्यंत येत नाही."

रंगूबाईंनी त्या जागेवर बोट ठेवलं. "म्हंजी आमचं वरडणं हे समदं ऐकत होते?" असं म्हणून त्या ढसाढसा रडल्या. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"गुरुजी, या कोण? नाव सांगा," बाई म्हणाल्या. गुरुजींचे ओठ हलले, कपाळाला घाम फुटला, पण शब्द काही निघेना.

"नाव नका इचारू," रंगूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून घेतलं नाय त्यांनी. 'अगं' म्हणत्यात. तेवढं परत आलं तरी लय झालं मला."

बाई विचारात पडल्या. "सुरात म्हणायचं, तोंडपाठ असं काही आहे का?"

"विहारात वंदना हेच घ्यायचे की!"

सूर द्यायला बाईंनी मला ठोकलं. मी जीव तोडून घुमलो. गुरुजी ढिम्म. मग रंगूबाईंनी आपल्या घोगऱ्या आवाजात, माझ्या सुराला न जुमानता, 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिसरण सुरू केलं. आणि गुरुजी म्हणू लागले! स्पष्ट, शेवटपर्यंत! पाठ झालेलं, सुरातलं मेंदू वेगळ्या वाटेने बाहेर काढतो, असं बाई म्हणाल्या. आता त्याच वाटेने शब्द आणायचे. आणि मला? मला आता त्या घोगऱ्या आवाजाचाही मत्सर वाटू लागला.

त्यानंतर रोज घरी रंगूबाई शेजारी बसायच्या, तपासणीला आल्या की सगळं बाईंना सांगायच्या. गुरुजींनी डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचा, आधी गुणगुणायचं, मग "पा-णी," "च-हा." कधी गुरुजी रडकुंडीला यायचे, कधी रंगूबाई चिडायच्या. पण कानात ओरडणं बंद झालं होतं.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. तपासणी संपली होती. रंगूबाई लगबगीने दाराकडे निघाल्या, आणि मागून आवाज आला.

"अगं... पिशवी."

ताल नाही, गुणगुण नाही. रंगूबाई जागच्या जागी थबकल्या. वळल्या नाहीत. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पुन्यांदा म्हणा. मला ऐकू नाय आलं."

खोटं! साफ खोटं! त्यांचे कान ठणठणीत होते, मला न ठोकताही सांगतो.

"अगं," गुरुजी म्हणाले.

पुढे बाईंनी दवाखाना बंद केला आणि आम्हा दोघांना तुमच्या शाळेला देऊन टाकलं. मित्रांनो, मला एकच सूर येतो. त्या 'अगं'चा हेवा मला ठोंब्यापेक्षाही जास्त वाटतो, आणि तो कधी जाईल असं वाटत नाही. कुणी गप्प गप्प दिसलं, तर त्याच्या कानात ओरडू नका. शेजारी बसा, त्याला वेळ द्या. मलाही टेबलाच्या कडेवर आपटू नका, पाती वाकतात. रबरावर हळूच ठोका. आणि वरच्या खणातल्या त्या ठोंब्याची धूळ पुसाल, तेव्हा एकदा तरी फडकं माझ्यावरूनही फिरवा.